'पारंपरिक शेती' म्हणजे नेमकी कोणती? खान्देशची चार हजार वर्षं आणि आपल्या विहिरींचा तळ

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या वावराचा आणि पाण्याचा आहे.

शेतकरी मेळावा कुठलाही असो, एक वाक्य ठरलेलं असतं: "आता पुन्हा आपल्या पारंपरिक शेतीकडे वळलं पाहिजे." टाळ्या पडतात आणि पुढचा वक्ता ड्रोननं फवारणीवर बोलायला लागतो. वीस-बावीस वर्षं अशा कार्यक्रमांच्या बातम्या करतोय, पण परंपरा म्हणजे नेमकी कोणती, हे मंचावरून कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. आजोबांची? पेशव्यांच्या काळातली? की त्याच्याही आधीची?

जरा मागे जाऊन बघू. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ पाटणे आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, अंदाजे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. आपल्या भागात तेव्हा शहामृग फिरत होते आणि माणसं शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगत होती. शेती नव्हतीच. माणसाचं बहुतेक आयुष्य शेतीशिवायच गेलंय. जगात शेती सुरू होऊन दहा-अकरा हजार वर्षं झाली. तीही एका जागी सुरू झाली नाही. पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये भात, मेक्सिकोत मका, असं वेगवेगळ्या ठिकाणी घडलं.

खान्देशात शेतकऱ्यांची गावं दिसायला लागतात ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी. तापीकाठचं सावळदा (आज नंदुरबार जिल्हा) हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत एका संस्कृतीला दिलंय: 'सावळदा संस्कृती'. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला त्याच लोकांची वस्ती सापडली. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे आणि गिरणाकाठचं बहाळ इथं १९५० च्या दशकात उत्खनन झालं. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात जुन्या शेतकऱ्यांत आपली माणसं आहेत. याचा अभिमान जरूर बाळगा, पण पुढचंही वाचा.

त्यानंतरच्या काळाला जोर्वे संस्कृती म्हणतात. गावं वाढली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तर बांध आणि पाट काढल्याच्या खुणा मिळाल्या. आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तापी-गोदावरी खोऱ्यांतली बरीचशी गावं ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात काही तगली, पण तिथंही माणसं हळूहळू शेतीकडून शेळ्या-मेंढ्यांकडे वळली. पाऊसमान घटलं हे त्याचं कारण, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली. तिच्यावर अभ्यासकांत वाद असू शकतो, पण गावं उठली याबद्दल वाद नाही. शेती कायम राहतेच असं नाही. एकदा ती आपल्याकडून गेलेली आहे.

आता ताटाकडे बघा. ज्वारी-बाजरी मूळची आफ्रिकेतली. शेवभाजीतली मिरची, शेंगदाणे, टमाटे आणि मका अमेरिकेतून आले. केळीचं मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडे. आपल्या मातीतले म्हणावेत असे तूर, मूग, उडीद आणि भरताचं वांगं. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आफ्रिकेची आणि उडीद इथला! तेव्हा पीक बाहेरून आलं, वाण नवं आलं, म्हणून परंपरा बुडत नाही. आपल्या पूर्वजांनी नवं पीक घ्यायला कधी लाज बाळगली नाही. मग परंपरा असते कशात? माझं मत असं की ती असते पाणी आणि जोखीम वाटून घेण्याच्या रीतीत. आणि नेमकी तीच आपण मोडलीय.

पांझरेचा फड आठवतो का कुणाला? साक्री-धुळ्याकडे आणि नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमकाठी ही पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा आणि बंधाऱ्यातून पाट. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढं पाळी बदलायची. पाणी सोडायला पाटकरी, पिकाला पाणी भरायला बारेकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. त्यांचा मोबदला गावानं द्यायचा. 'माझं वावर, माझं पाणी' हा हट्टच चालत नव्हता.

यातलं खरं डोकं वेगळंच आहे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी पडलं की गाव ठरवायचं, यंदा एक फड कोरडा ठेवायचा. नुकसान व्हायचं, पण सगळ्यांचं सारखं. कुणी एकटा मरत नव्हता आणि कुणी एकटा माजतही नव्हता. आज जिला आपण 'शाश्वत शेती' म्हणतो आणि जिच्यासाठी पंचतारांकित हॉटेलात परिषदा होतात, ती ही. पुढं घरोघरी विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, वर धरणं झाली, आणि फड एकेक करत मागे पडले.

दुसरं वळण कापसाचं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर खान्देशच्या काळ्या मातीवर गेली. त्याच दशकात भुसावळ-जळगावला रेल्वे आली. घरात खायचं पिकवणारा शेतकरी लांबच्या बाजारासाठी पिकवायला लागला. भाव चढला की पैसा आणि पडला की सावकार, हे चक्र तेव्हापासूनचं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं, नेहरू अध्यक्ष होते. शेतसारा कमी करा, कर्जातून सोडवा, असा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथं मंजूर झाला. नव्वद वर्षं होत आली, मागण्यांची भाषा फारशी बदललेली नाही.

२००२ ला बीटी कापूस आला. सुरुवातीला बोंडअळी हटली, हे खरं. पुढं गुलाबी अळीला त्याची सवय झाली आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडं पोखरली गेली. आता सरकार सांगतं, हंगामाआधी कापूस लावू नका, फरदड घेऊ नका. कारण सरळ आहे. एकानं मे महिन्यात लावलेला किंवा जानेवारीनंतर उभा ठेवलेला कापूस साऱ्या शिवारातली अळी जगवतो. म्हणजे पुन्हा फडाचाच नियम: एकट्याच्या मनावर शिवार चालत नाही.

आणि आता केळी. रावेर-यावल-मुक्ताईनगरच्या केळीनं जळगावला जगात नाव दिलं, २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. ठिबक आणि टिश्यू कल्चर रोपांनी उत्पादन वाढलं, निर्यात उभी राहिली. हे यश शेतकऱ्याच्या घामाचं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण केळी बारमाही पाणी मागते. ठिबकनं झाडामागे पाणी वाचलं, आणि वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, त्यावर आणखी वावर भिजलं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा पाणी मुरवण्यासाठी निसर्गानंच घडवलेला, पण मुरतं त्यापेक्षा जास्त आपण उपसतोय. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. दिलासा मोठा आहे, पण पंप बंद करायचं उरलेलं एक कारणही संपलं.

उपाय नाहीत असं नाही, आणि ते घरचेच आहेत. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून आणि बंधारे बांधून पाणी मुरवून दाखवलं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं आधी जंगल राखलं, मग पाणी टिकलं आणि मग शेती सुधारली. पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. तापी मेगा रिचार्जचा करारही मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशसोबत झाला. प्रकल्प व्हावा, लवकर व्हावा. पण पाणी भरण्याची सोय झाली म्हणून उपशाचा नियम नको, असं समजलो तर तेही पाणी पुरणार नाही.

मला कल्पना आहे, कुणीतरी म्हणेल, "पत्रकार भाऊ, कर्ज आमच्या डोक्यावर, तुम्हाला लिहायला काय जातं?" रास्त प्रश्न आहे. दादर पिकवून घर चालत नाही म्हणूनच माणूस केळी-कापूस लावतो. एकट्या शेतकऱ्यानं पाणी वाचवायचं ठरवलं तर त्याचं नुकसान होतं आणि वाचलेलं पाणी शेजारच्या बोअरला जातं. म्हणूनच हा एकट्याच्या शहाणपणाचा विषय नाही.

माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. एक, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गावातल्या निरीक्षण विहिरीची पातळी लागली पाहिजे, आणि रब्बीच्या आधी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून बारमाही पीक किती घ्यायचं ते ठरलं पाहिजे. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालणारा भूजल कायदा २००९ चा आहे, तो निदान ग्रामसभेत वाचून तरी दाखवा. दोन, फडाचे जे बंधारे उभे आहेत त्यांची दुरुस्ती करून ते पाणीवापर संस्थांच्या ताब्यात द्या. तीन, जो कमी पाण्याचं पीक घेईल त्याच्या दादरला, मुगाला, उडदाला हमखास खरेदी मिळाली पाहिजे. कोरड्या ठेवलेल्या फडाचं नुकसान गाव वाटून घ्यायचं, तसं हे नुकसान सरकारनं आणि शहरात राहून खाणाऱ्या आपण सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

आखाजीला सालदाराचं साल ठरवताना घरोघरी हिशोब व्हायचा. आता सालदार मिळत नाही, बैल गेले, शेणखतही गेलं. निदान पाण्याचा हिशोब तरी सुरू करू.

तुमच्या गावी फड होता का? कधीपर्यंत चालला? आणि १९७२ च्या दुष्काळात तुमच्या विहिरीला किती हातांवर पाणी होतं, आज बोअर किती फुटांवर आहे? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि गावाच्या नावासह खाली लिहा. पंचवीस-तीस गावांची माहिती जमली तर ती घेऊन आपण जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ.