गेमिंग पीसी घेताय? आधी न चमकणारे पार्ट बघा!

सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात ओतलं म्हणजे पीसी ‘फ्यूचर प्रूफ’ होतो? अजिबात नाही. टिकतो तो पीसी, ज्याचे पार्ट उद्या एकेक करून बदलता येतात.

ॲडमिशन झाली, कॉलेज सुरू झालं, की पंचवटीतल्या बऱ्याच घरांत एक वाटाघाट सुरू होते. मुलगा किंवा मुलगी म्हणते, पीसी पाहिजे. आई विचारते, अभ्यासाला की गेम खेळायला? उत्तर येतं, दोन्हीला. मग बाबांचा खरा प्रश्न येतो : ‘किती वर्षं चालेल?’

इथे आपण सगळे एकच शब्द फेकतो, ‘फ्यूचर प्रूफ’. एकदाच भारीतला घेऊ, मग दहा वर्षं बघायला नको. यूट्यूबवरचे दादा लोकही हेच सांगतात आणि दुकानदाराला तर हा शब्द फारच आवडतो. कारण हा शब्द उच्चारला की बजेट दहा-पंधरा हजारांनी वर सरकतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. फ्यूचर प्रूफ पीसी नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. मिळतो तो दुरुस्त होणारा, वाढवता येणारा पीसी. या दोन गोष्टींत जो फरक आहे, तो कळला तर घरच्यांचे पैसे वाचतील.

दादा कार्डाचं काय झालं?

२०१७ साली आलेलं जीटीएक्स १०८० टीआय आठवतंय? त्या काळातलं दादा कार्ड. ११ जीबी मेमरी. ज्याच्याकडे ते होतं त्याचा रुबाबच वेगळा. आता २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा गेम घ्या. किमान गरजांच्या यादीतच हे दादा कार्ड बसत नाही. ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं आणि १०८० टीआयमध्ये ते नाही. २०१७ साली कितीही पैसे टाकले असते तरी हे टाळता आलं नसतं.

म्हणजे महाग कार्ड वाईट का? तसं नाही. बाकी असंख्य गेम त्यावर मस्त चालले, आजही चालतात. पण कार्ड हा पीसीतला सगळ्यात लवकर जुना होणारा पार्ट आहे. जो पार्ट चार-पाच वर्षांनी बदलावाच लागणार, त्यात सगळा जीव कशाला अडकवायचा?

गोदेला पूर आला की पाणी किती चढलं हे आपण दुतोंड्या मारुतीवरून सांगतो. कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. एफपीएसचा आकडा तसाच आहे. तो आजचं पाणी सांगतो, उद्याचं नाही. आणि आपण मात्र त्या एका आकड्यावर अख्खी खरेदी करतो.

सॉकेट बघा, सॉकेट!

मग उद्याचं कोण सांगतं? सगळ्यात आधी मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट कंपनी किती वर्षं चालवणार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचं. हे सॉकेट २०१६ साली आलं. २०१७ मध्ये ज्यांनी पहिल्या पिढीचा रायझन आणि साधा बोर्ड घेतला, त्यातल्या अनेकांना २०२२ मध्ये फक्त बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता आला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच.

याचा फायदा पुढे आणखी कळला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचा रायझन नाही, पण ५००० मालिका आहे. ज्याने मधे प्रोसेसर बदलला, त्याची गाडी पुढे चालू राहिली.

आता दुसरी बाजू. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटवर सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर चालत होते. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच राहिलं, पण जुन्या बोर्डावर ती अधिकृतपणे चालेना. नवा बोर्ड घ्या! पुढे एलजीए १७०० ने मात्र बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालवल्या. म्हणून ही कंपनी चांगली, ती वाईट, असा झेंडा घेऊन भांडू नका. एवढंच बघा, की आज जे सॉकेट घेताय ते सुरुवातीच्या वर्षांत आहे की शेवटच्या. एएम५ साठी एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्टचा शब्द दिलाय. असा जाहीर शब्द असेल, तर आज मधल्या दर्जाचा प्रोसेसर घ्या आणि तीन-चार वर्षांनी त्याच बोर्डावर वरचा बसवा. ते आज सगळ्यात महाग प्रोसेसर घेण्यापेक्षा शहाणपणाचं.

ओझरच्या विमानाकडून शिका

पंचवटीतून आग्रा हायवेला लागलं की पुढे ओझर. तिथल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ विमानं तयार व्हायची. पुढे याच विमानांपैकी अनेकांना नवं रडार, नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून ‘बायसन’ केलं गेलं, तेही ओझरलाच. सांगाडा जुना, आतलं नवं. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. विमानाचं आयुष्य वाढतं ते असं, भाग बदलून.

पण ही गोष्ट दुसरीही बाजू सांगते. शेवटच्या वर्षांत अपघातांमुळे ‘आता पुरे’ असं लोक म्हणायला लागले होते. सांगाड्यालाही वय असतं. पीसीतही एक दिवस असा येतो, की जुन्या बोर्डावर नवं काही बसवण्यात अर्थ नसतो. तो दिवस लांबवायचा, टाळायचा हट्ट करायचा नाही.

एसएमपीएस : घरचा कर्ता माणूस

आता ज्या पार्टबद्दल कोणी रील बनवत नाही त्याबद्दल. एसएमपीएस. दिसत नाही, चमकत नाही, एफपीएस वाढवत नाही. बजेट ओढाताणीचं झालं की पहिली कात्री त्यालाच लागते. ‘लोकल चालतो भाऊ, काही होत नाही,’ असं कोणीतरी म्हणतंच.

असं करू नका. आतल्या प्रत्येक पार्टला वीज याच डब्यातून जाते. तो हलका असेल आणि एखाद्या दिवशी गेला, तर एकटा जाईलच असं नाही, सोबत बोर्ड किंवा कार्डही घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस पाच, सात, काही वेळा दहा वर्षांच्या वॉरंटीसह मिळतो. म्हणजे तो आज घेतलेल्या कार्डाला पुरतोच, पुढच्या कार्डालाही पुरतो. लोकल आणि चांगला यांत तीन-चार हजारांचा फरक पडत असेल, तर तो इथेच द्या. काचेच्या कॅबिनेटमधले आरजीबी लाइट नंतर लावता येतात.

एक गैरसमजही काढून टाका. ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. आतले भाग किती दणकट, संरक्षण किती पक्कं, हे तो सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा, त्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचा. वॅटसाठी कार्डाच्या खोक्यावर कंपनीने लिहिलेली शिफारस बघा आणि पुढच्या कार्डासाठी थोडी जागा ठेवा.

पार्ट विकत घेतले, घराचं काय?

परदेशातले बिल्ड व्हिडिओ एक गोष्ट कधीच सांगत नाहीत : तुमच्या घरचं अर्थिंग. जुन्या वाड्यात राहत असाल किंवा भाड्याची खोली असेल, तर पीसी आणायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘चालतंय की’ म्हणू नका. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कोंबायचा प्रकार तर बंदच करा.

लाइट गेली की सेव्ह न केलेलं प्रोजेक्ट गेलं, म्हणून यूपीएस हवाच. पण घरात पडलेला जुना ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना तो दम टाकू शकतो. यूपीएस पीसीच्या वापराप्रमाणे निवडा.

आणि हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. त्यात सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं, रस्त्यावरची धूळ. पुढून बंद काच आणि आत गुदमरलेले फॅन असलं देखणं कॅबिनेट इथे काय कामाचं? पुढे जाळी, काढून धुता येणारा डस्ट फिल्टर, निदान दोन-तीन फॅन एवढं बघा. पीसी जमिनीवर ठेवू नका आणि पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर तर नकोच. दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर साफ करणं हा फुकटातला अपग्रेड आहे.

मेमरीचं गणित

२०१६ साली जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत आलं, ३ जीबी आणि ६ जीबी. पैसे वाचवायला अनेकांनी तीनवालं घेतलं. गेम वाढत गेले आणि तीनवाल्याचा श्वास आधी कोंडला. म्हणून जवळपास सारख्या किमतीच्या दोन कार्डांत अडलात, तर मेमरी जास्त असलेल्याकडे झुका.

रॅमचं मात्र सध्या अवघड झालंय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप्स इतक्या लागतायत, की २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव कडाडले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रूशियल’ ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी हावरेपणा नको. गरज आहे तेवढीच, पण शक्यतो दोन सारख्या स्टिकमध्ये घ्या. प्रोसेसरला दोन्हीकडून डेटा मिळतो, वेग वाढतो.

मॉनिटरलाही हेच लागू. स्टीमच्या हार्डवेअर सर्व्हेत १९२० बाय १०८० हेच रिझोल्यूशन वर्षानुवर्षं सगळ्यात पुढे दिसतं. फोर-केचा हट्ट धरला की त्याला पोसणारं कार्डही लागतं. तो खर्च बाबांना आधी सांगितलेला नसतो!

लॅमिंग्टन रोड की आपलं गाव?

‘सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडू, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सगळं आणू, स्वस्तात पडेल’ हा प्लॅन नाशिकच्या पोरांचा ठरलेला. जरूर जा, भाव कळतात, डोळे उघडतात. पण दोन हजार वाचवताना एक हिशोब करा. पार्ट बिघडला तर परत कोण जाणार? पक्कं जीएसटी बिल नसेल तर वॉरंटी कोण मानणार? आणि ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय सुटा मिळणारा, त्याला सहसा कंपनीची ग्राहक वॉरंटी नसते. स्वस्त का आहे, ते तिथे कळतं.

आता कोणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, गेमिंग लॅपटॉप घे ना! सुरगाणा-पेठहून येऊन होस्टेलवर राहणाऱ्याला लॅपटॉपच बरा, यात वाद नाही. पण लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं. ते जुनं झालं की अख्खी मशीन जुनी. ज्याला घरात टेबलाएवढी जागा आहे, त्याने तरी हा मुद्दा विसरू नये.

शेवटी प्रश्न फक्त गेमचा नाही. बहुतेकांच्या घरी हे पैसे कुठल्यातरी ठेवीतून, भिशीतून किंवा हप्त्यांतून येतात. तीन वर्षांत पीसी अडगळीत गेला, तर पुढच्या वेळी धाकट्या बहिणीला एडिटिंगसाठी किंवा कॅडसाठी मशीन हवी असताना घरातून एकच उत्तर येईल, ‘दादाच्या वेळी बघितलं ना काय झालं ते!’ आणि तोच पीसी सात-आठ वर्षं चालला, मधे एकदा कार्ड, एकदा प्रोसेसर बदलून, तर घरच्यांचा विश्वासही टिकतो. तुमचं जुनं कार्ड तिच्या पीसीत जातं. ई-कचरा कमी होतो तो वेगळाच.

दुकानात जाण्याआधी हे विचारा

* या बोर्डाच्या सॉकेटवर पुढची पिढी येणार असं कंपनीने जाहीर केलंय का?
* एसएमपीएसची वॉरंटी किती वर्षांची? पुढच्या कार्डाला तो पुरेल का?
* प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून देणार का?
* पार्ट बिघडला तर नाशिकमध्येच जमा होतो, की मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो? पाठवायचा खर्च कोणाचा?
* कॅबिनेटचा डस्ट फिल्टर काढून धुता येतो का?
* घरचं अर्थिंग तपासलं का? (हा प्रश्न दुकानदाराला नाही, स्वतःला.)

सहाही उत्तरं मिळाली की मग खुशाल आरजीबीचा रंग निवडा.