नाव सांग, बाळा!

दिवाळीत घरोघर एक परीक्षा होत असते. पाहुणे येतात, फराळाची ताटे पुढे होतात आणि घरातल्या पोराला बोलावणे जाते. ‘नाव सांग, बाळा, काकांना!’ पोराने तोंड उघडण्याआधीच आई नाव सांगून मोकळी होते. ‘कितवीत आहेस?’ बाप सांगतो, ‘सातवीत!’ ‘पुढे कोण होणार?’ आजोबा गरजतात, ‘कलेक्टर!’ सगळे हसतात, पोराच्या हातावर एक करंजी पडते आणि पोर बाहेर पळते. वाचकहो, त्या पोराच्या आयुष्यातली ही पहिली मुलाखत. तिच्यात ते नापास झाले असे कोण म्हणेल? त्याला आपण परीक्षेला बसूच दिले नाही!

पुढे पंधरा वर्षांनी तोच पोरगा चार अनोळखी माणसांसमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. ‘स्वतःविषयी काही सांगा,’ असे कोणी म्हणताच त्याच्या घशाला कोरड पडते. घरी आल्यावर आपण शेजाऱ्यांना सांगतो, ‘पोरगा हुशार आहे हो, पण बोलण्यात मार खातो.’ जणू काय हा त्याच्या कुंडलीतलाच ग्रह! माझे म्हणणे असे, की हा ग्रह कुंडलीतला नव्हे. आपण सर्वांनी, म्हणजे आईबापांनी आणि आम्हा मास्तरांनी, पंधरा वर्षे खपून तो त्याच्या मागे लावलेला आहे. आणि आता तो उतरवण्यासाठी आपण बाजारातून उसनी उत्तरे विकत आणू लागलो आहोत. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच.

मी तिवशाला चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे मजजवळ चित्रकला शिक्षकाची पदविका तेवढी आहे. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे गावात मला लिहिता-बोलता येते अशी एक समजूत आहे. त्या समजुतीपोटी गेल्या हिवाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. कृषी शाखेचा पदवीधर. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या जागेची लेखी परीक्षा त्याने पार केली होती आणि मुलाखतीचे बोलावणे हातात होते. महिनाभर अमरावतीला एका वर्गात जाऊन तो ‘तयार’ झाला होता.

म्हटले, ‘म्हणून दाखव पाहू.’

पोरगा ताठ झाला, हाताची बोटे एकमेकांत अडकवली आणि सुरू झाला. ‘मी जिद्दी, मेहनती व सकारात्मक दृष्टिकोनाचा तरुण असून...’

‘तुझा दोष कोणता?’

‘कामात मी परिपूर्णतेचा फार आग्रह धरतो, हाच माझा दोष.’

हा दोष मी त्याच्याआधी तिघांच्या तोंडून ऐकला होता. एकाच दुकानातून घेतलेला दिसला! मी वही मिटली आणि सहज विचारले, ‘काय रे, यंदा आंबियाची फळगळ किती झाली?’

पोरगा खुर्चीत सैल झाला. ‘काय सांगू सर, अर्धा बहार खाली आला. पानी सतत लागलं ना! बाबा म्हनत, आधी फवारा मार. पन मी म्हटलं, मुळाशी पानी साचून राह्यलं तं फवारून काय होते? आधी चर खोदले, पानी काढून देल्लं, मंग फवारलं. म्हनून अर्धं तरी वाचलं.’

‘आणि बँकेचं कर्ज?’

‘भरलं सर. पन लोकायले मार्चअखेर लय जड जाते. मिरगाचा माल फेब्रुवारी-मार्चात निंगते, व्यापारी पैसा द्याले महिना लावते, अन् बँकेची तारीख तं थांबत नाई.’

मी विचारले, ‘हे तू त्या मंडळींसमोर सांगशील?’

तो चकित होऊन माझ्याकडे पाहू लागला. ‘हे? हे काय सांगाचं सर! हे तं घरचं आहे!’

वाचकहो, माझे सारे भांडण या एका वाक्याशी आहे. शेतकऱ्याला कर्ज देण्याच्या जागेसाठी हा मुलगा जात होता. शेतकऱ्याचा पैसा कधी येतो आणि का अडतो, हे त्याला खुर्चीतल्या चौघांपेक्षा कदाचित अधिक ठाऊक असेल. तेवढे सोडून तो परक्याचे ‘सकारात्मक’ गाठोडे उचलून निघाला होता. घरचे ते हलके आणि विकतचे ते भारी, हे त्याला कोणी शिकवले?

आमच्या तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर ते. तिथल्या स्वयंवराची गोष्ट आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो, परंतु तिच्यातला एक धडा आपल्या कानांवरून जातो. रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल आधीच ठरवून ठेवला होता. आजच्या भाषेत सांगायचे तर जाहिरात निघाली होती, पण जागा भरलेली होती! अशा वेळी रुक्मिणीने काय केले? तिने द्वारकेला पत्र धाडले. भागवतात ते पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे. आपले मन कोणावर आहे, लग्न केव्हा आहे, आदल्या दिवशी आपण गावाबाहेर देवीच्या दर्शनाला कशा जाणार आणि तिथून आपल्याला कसे न्यावे, सारे काही त्यात आहे. ‘मी जिद्दी व मेहनती’ असे कुठेही नाही. जगात यापेक्षा चांगला अर्ज कोणी लिहिला असेल असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, रुक्मिणीला कृष्ण मिळाला. आमच्या नशिबी रुक्मीच! सगळे आधीच ठरलेले असते, मग तयारी कशाला?’ हा आक्षेप खोटा नाही. मी स्वतः त्यातून गेलो आहे. विशीत असताना एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी गाव विचारले, वडील काय करतात ते विचारले, आणि मग डोळे बारीक करून म्हणाले, ‘संस्थेसाठी काय करू शकाल?’ मी भाबडेपणाने उत्तरलो, ‘साहेब, सुट्टीत शाळेच्या सगळ्या भिंती रंगवून देईन!’ खोलीत जो हशा पिकला, त्याचा अर्थ मला बसस्टँडवर पोचल्यावर कळला.

अशा मुलाखतींना देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही फटकारले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला शंभर आणि मुलाखतीला पन्नास गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न वडील कोण, राहता कुठे असलेच होते, अशी उमेदवारांची तक्रार होती. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने बजावले, की मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे होईल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, असेही सुचवले. पुढे १९८५ साली हरियाणाच्या सरकारी नोकरभरतीच्या खटल्यात ही मर्यादा १२.२ टक्क्यांवर आली. आणि १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने आपल्या खालच्या श्रेणीतल्या पदांच्या मुलाखतीच बंद करून टाकल्या. जिथे मुलाखत म्हणजे चिठ्ठीचा दरवाजा होता, तिथे तो बुजवला हे उत्तमच झाले.

परंतु सगळे दरवाजे काही बुजणार नाहीत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आजही २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत. खाजगी नोकरीत तर मुलाखतीवाचून पान हलत नाही. लबाडीशी जरूर लढावे, त्यासाठी न्यायालय आहे, अर्ज आहेत, वर्तमानपत्रे आहेत. पण जिथे समोरचा माणूस खरोखर ऐकायला बसला आहे, तिथेही आपला पोरगा गप्पच राहणार असेल, तर त्याचा दोष रुक्मीवर कसा ढकलणार?

असा ऐकणारा माणूस मलाही भेटला. त्या भिंतींच्या फजितीनंतर दुसऱ्या एका शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापकांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली, हातात खडू दिला आणि म्हणाले, ‘पाचवीच्या वर्गावर वीस मिनिटे शिकवा.’ स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसले. मी पोरांना बैलाची मान काढायला शिकवली. एका पोराने बैलाला तीन शिंगे काढली, तेव्हा त्याला रागावण्याऐवजी मी पोळ्याच्या बैलाची आठवण करून दिली. त्यांना काय दिसायचे ते दिसले. माझ्या अवघडलेल्या बोलण्याकडे त्यांनी लक्षच दिले नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच सांगितले, की नुसत्या मोकळ्या गप्पांपेक्षा उमेदवाराकडून प्रत्यक्ष काम करवून घेणे, किंवा सर्वांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारणे, ही निवडीची अधिक भरवशाची रीत. मुलाखत घ्यायला बसणाऱ्या संस्थाचालकांनी हे वाक्य टेबलावरच्या काचेखाली ठेवावे.

आणि मुलाखत द्यायला जाणाऱ्याने काय करावे? माझ्या त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. त्याला फी नाही. जाहिरात पुन्हा नीट वाच. त्या खुर्चीवर बसून रोज कोणती कामे करावी लागतात, ती एकाखाली एक लिही. प्रत्येक कामासमोर तुझ्या आयुष्यातली, त्याच्याशी नाते सांगणारी एक घडलेली गोष्ट लिही. काय अडले, तू काय केलेस, त्याचे काय झाले, इतकेच. मग त्या गोष्टी पाठ न करता आईला सांग. आईला समजल्या तर कोणालाही समजतील. दोष विचारला तर खरा सांग, आणि तो घालवायला काय करतो आहेस तेही सांग. येत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हण. त्या दोन शब्दांनी आजवर कोणाची मान कापली गेलेली नाही, थापेने मात्र पुष्कळांची गेली आहे. कागद आदल्या दिवशी लावून ठेव. वेळेच्या आधी पोच. आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ म्हणाले, तर त्या कामाविषयी एक प्रश्न विचार, म्हणजे त्यांना कळेल की तुलाही निवड करायची आहे.

भाषेचे भय हा आणखी एक बागुलबुवा. जिथे इंग्रजीतच काम करायचे आहे तिथे इंग्रजी शिकावेच लागेल, त्यात लाज कसली? पण जिथे मराठी चालते तिथेही आपली मुले मोडक्या इंग्रजीला का बिलगतात? संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीतसुद्धा उमेदवाराला मराठी निवडता येते आणि तिथे दुभाषाची सोय असते. तिवशाहून हाकेच्या अंतरावर मोझरीला गुरुकुंज आहे. तिथले तुकडोजी महाराज शाळा अर्ध्यावर सोडलेले, तरी १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावल्याचे आमच्याकडे कोणी सांगत नाही. गावोगाव हजारो माणसांपुढे ते आपल्या मनातले आपल्या बोलीत बोलत आले होते, तीच त्यांची तयारी.

आता शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात मी स्वतः उभा राहतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराच्या वहीत मला ओळीने रेघा मारलेल्या दिसल्या. विचारले तर मान खाली घालून म्हणाला, ‘सर, तुम्ही आज एकोणीस वेळा गप्प बसा म्हटलं.’ त्या पोराची मोजणी बरोबर होती. एका तासात एकोणीस, मग दहा वर्षांच्या शाळेत किती? ज्याला आपण हजारो वेळा ‘गप्प बस’ म्हटले, तो एके दिवशी चौघांपुढे घडाघडा बोलेल, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने धरायची?

त्या विद्यार्थ्याची निवड झाली की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. झाली म्हणालो, तर तुम्ही माझाही एक वर्ग काढाल. नाही म्हणालो, तर हे सारे रद्दीत टाकाल. एवढेच सांगतो, की मुलाखतीहून परतल्यावर तो तडक माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, त्यायनं फळगळीवर पंधरा मिनिटं इचारलं. पयल्यांदाच असं वाटलं का कोनीतरी आयकून राह्यलं.’

तेव्हा या दिवाळीत पाहुणे आले, की पोराला जरूर बोलवा, आणि मुलीलाही बोलवा, तिला तर आपण नावही विचारत नाही. नाव त्यांचे त्यांनाच सांगू द्या. ‘पुढे कोण होणार’ हे विचारण्याऐवजी ‘आज काय केलंस’ असे विचारा. अडखळले तर अडखळू द्या, मध्ये शब्द पुरवू नका. करंजी काही पळून जात नाही.