शाळा काढणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा

आपल्या वस्तीत शाळा निघते आहे हे ऐकून कोणाला आनंद होणार नाही? ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, ते लोक वर्गणी जमवून आपल्या मुलांसाठी शाळा काढतात ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वाचकहो, उत्साहाच्या भरात दोन खोल्या भाड्याने घेऊन दारावर पाटी लावली म्हणजे शाळा झाली, असा जो समज पसरत आहे तो घातक आहे, हे स्पष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्यानंतर १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आधी संस्था, मग वर्ग, हा तो क्रम होता.

कायदा काय म्हणतो ते पाहा. पहिली पायरी संस्थेची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. पुढे विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत कळवावे लागते, आणि पूर्वपरवानगीवाचून न्यासाची जमीन विकता येत नाही. दुसरी पायरी शासनाच्या परवानगीची. विनाअनुदान शाळेसाठी ती महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ खाली मिळते. तिसरी पायरी मान्यतेची. २००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेच्या प्रमाणपत्रावाचून प्राथमिक शाळा चालविणे हा अपराध आहे. त्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तरीही शाळा चालूच ठेवली तर दररोज दहा हजार रुपये.

हा सारा कागदांचा जाच आहे, गरिबांच्या संस्थांना अडविण्यासाठीच तो रचला आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शहरात जागा मिळणे दुर्घट आहे, आणि कार्यालयांचे उंबरठे झिजविताना माणूस थकून जातो. पण मान्यतेच्या अटी एकदा वाचून पाहा. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली असावी. मुलांची व मुलींची स्वच्छतागृहे वेगळी असावीत. पिण्याचे शुद्ध पाणी, ग्रंथालय, मैदान व कुंपण असावे. यांतली कोणती अट आपल्या मुलास नको आहे? वेगळे स्वच्छतागृह नाही म्हणून जी मुलगी शाळा सोडते ती कोणाची? ती बहुधा आपलीच असते. श्रीमंताच्या मुलास कायदा नसला तरी चांगली इमारत मिळेल. गरिबाच्या मुलास कायद्यावाचून काहीच मिळणार नाही. म्हणून जागेसाठी व साह्यासाठी शासनाशी जरूर भांडावे, परंतु अट शिथिल करा अशी मागणी आपण करू नये.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळू. १९९३ साली बौद्ध हे राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून अधिसूचित झाले. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्यांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती खटल्यात ठरविले की, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्य शाळांस लागू नाही. ह्या निर्णयाच्या बरोबरपणाविषयी सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने शंका व्यक्त केली व तो प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ सरन्यायाधीशांपुढे ठेवला. मात्र अल्पसंख्य दर्जा मिळाला म्हणजे सर्व बंधने गळून पडली असे कोणी मानू नये. आरोग्य, इमारत व शिक्षकांची पात्रता यांबाबत वाजवी नियम शासन लावू शकते, ही गोष्ट २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यापासून स्थिर आहे.

काही चालक हा दर्जा मागतात तो केवळ कलम १२ मधील पंचवीस टक्के मोफत जागा चुकविण्यासाठी. त्या जागा कोणासाठी आहेत? वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी. त्यांत अनुसूचित जाती आहेत, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींत बौद्धही आहेत. एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदान शाळांना ह्या जागांतून सूट देणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली, तेव्हा आपणच संतापलो. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तेव्हा आपणच समाधान मानले. मग तेच दार आपल्या शाळेने आपल्याच गरिबाच्या तोंडावर लावावे काय? अल्पसंख्य दर्जा अवश्य घ्यावा; तो आपला हक्क आहे. परंतु कायदा सक्ती करो वा न करो, पंचवीस टक्के जागा आपण आपणहून द्याव्यात, असे आमचे स्वच्छ मत आहे. हक्क हे संरक्षणाचे साधन आहे, पळवाट नव्हे.

वाचकहो, शेवटची जबाबदारी आपणावर आहे. वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी संस्थेचा नोंदणी क्रमांक व तपासलेले हिशेब मागा. मुलाचे नाव घालण्यापूर्वी मान्यतेचे प्रमाणपत्र पाहा, शिक्षकांची पात्रता विचारा, पाण्याचा नळ व स्वच्छतागृह स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. चालक आपल्याच समाजाचा आहे, त्याला असे कसे विचारावे, हा संकोच सोडा. आपला माणूस आहे म्हणूनच त्याला विचारावयाचे. शाळा बंद पडली तर चालकाची पाटी उतरेल. मुलाचे गेलेले वर्ष मात्र कोणीही परत देणार नाही.