लोकाश्रय की फुकटाश्रय?

मराठी मनुष्य रसिक आहे, अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. नाटकाच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा, दिवाळी आली की चार-दोन अंक विकत घेऊन घरी आणणारा, गाण्याच्या बैठकीस पहाटेपर्यंत माना डोलाविणारा हा समाज आहे. तथापि या रसिकतेस एक कोपरा असा आहे की, तेथे आपण रसिक नसून निव्वळ फुकटे आहोत. आणि हा फुकटेपणा अडाण्यांपेक्षा सुशिक्षित कुटुंबांतच अधिक बोकाळला असल्यामुळे त्याविषयी चार कडक शब्द लिहिणे आम्हांस भाग पडत आहे. आम्ही बोलत आहोत ते महाजालावरील स्वतंत्र चित्रमालिकांविषयी, ज्यांस वेबकॉमिक म्हणतात त्यांविषयी. कोणा वृत्तपत्राचा वा प्रकाशनसंस्थेचा चाकर नसलेला चित्रकार आपणच कथा रचतो, आपणच रेखाटतो आणि स्वतःच्या नावाने ती लोकांपुढे ठेवतो. पात्रे त्याची, शब्द त्याचे आणि हक्कही त्याचेच. मोबदला मात्र कोणी आपण होऊन दिला तर!

आमचे वास्तव्य तळवड्यास आहे. गावाच्या एका अंगास इंद्रायणी आणि थोडे पुढे देहू. दुसऱ्या अंगास आयटी पार्क आणि कारखान्यांची दाटी. आमचा एक जुना विद्यार्थी येथेच एका संगणक कंपनीत नोकरी करतो आणि रात्री जागून चित्रे काढतो. चार चौकटींची त्याची मालिका असते. शेत विकून खोल्या बांधलेला घरमालक, त्या खोलीत दाटीवाटीने राहणारी मराठवाड्यातील तीन मुले, पाण्याचा टँकर, पोळ्या मोजून वाढणारी खानावळ आणि पहाटे येणारी कंपनीची बस, एवढाच त्याचा प्रपंच. परंतु या पट्ट्यातील जीवनाचे इतके नेमके चित्र गेल्या दहा वर्षांत एकाही मराठी कादंबरीत आमच्या पाहण्यात आलेले नाही. मागील वर्षी यांतील टँकरचे चित्र फार गाजले. किती गाजले? तर लातूरच्या त्याच्या सख्ख्या काकांनी ते त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठविले आणि खाली लिहिले, 'कोणी काढले ठाऊक नाही, पण अगदी तुमच्याकडचे वाटते!' कोपऱ्यातील सही वाटेत कोणीतरी कातरून टाकली होती. लाजेने सांगावयाचे ते हे की, ते बिननावाचे चित्र पुढे धाडणाऱ्यांत आम्हीही होतो. आपल्याच विद्यार्थ्याची रेघ आम्हांस ओळखू आली नाही, हा भाग निराळा.

येथे कोणी म्हणेल की, चित्रकाराने फुकट दिले ते लोकांनी फुकट घेतले, यात अन्याय कोणता? हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. देवळातील कीर्तनास तिकीट नसते, म्हणून आरतीचे ताट पुढे आले की आपण हात मागे घेतो काय? कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी हे या वेबकॉमिकवाल्यांचे खरे पूर्वज होत. एकामागून एक चित्र समोर धरावयाचे आणि वाद्याच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्यान सांगावयाचे, हा त्यांचा धर्म. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांस आश्रय होता. तो सरला आणि नव्या करमणुकी आल्या, तेव्हा ही कला किती क्षीण झाली हे सर्वश्रुत आहे. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांस पिंगुळीचे नाव प्रथमच कळले. पदक उशिरा का होईना, सरकार देईल. पोट मात्र श्रोत्यानेच भरावयाचे असते.

चित्रकाराने आपल्या घराचा धनी आपणच असावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक काढला. बाळ ठाकरे इंग्रजी दैनिकातील नोकरी सोडून बाहेर पडले आणि 1960 मध्ये त्यांनी बंधूंसह 'मार्मिक' सुरू केला; पुढचे त्यांचे राजकारण कोणास रुचो वा न रुचो, व्यंगचित्रकाराने व्यंगचित्रांसाठी काढलेले ते साप्ताहिक होते. शि. द. फडणीसांची 'हसरी गॅलरी' तर वाचकाची वाट न पाहता गावोगाव त्याच्या भेटीस गेली. या साऱ्यांच्या पाठीशी अंक विकत घेणारा, प्रदर्शनास सहकुटुंब येणारा मराठी मध्यमवर्गच उभा होता. त्याच वर्गाची नातवंडे आज चित्र पाहतात, हसतात, पुढे धाडतात आणि विसरतात.

उलट ज्याच्या हाती हक्क राहिला नाही, त्याची कथा काय झाली? अमेरिकेत जेरी सीगल व ज्यो शूस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये आपला सुपरमॅन 130 डॉलरांस विकून टाकला. त्यावर इतरांनी इमले बांधले आणि हे दोघे आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. आपल्याकडे राम वाईरकरांनी रेखाटलेला 'टिंकल'मधील सुप्पंडी ते 2003 मध्ये निवर्तल्यानंतरही मुलांस हसवीत आहे, तो दुसऱ्यांच्या हातून. यात कोणी कोणास फसविले असे आम्ही सुचवीत नाही. नोकरीचा वा कंत्राटाचा व्यवहारच असा असतो की, पात्र पेढीचे होते आणि चित्रकार पगाराचा. स्वतंत्र चित्रकार हा पगार सोडून पात्र राखतो. त्या पगाराची उणीव भरून काढणारा वाचकावाचून दुसरा कोण आहे?

जाहिरातींचा पैसा मिळत असेल की, असे काही सज्जन सुचवितात. तो मिळतो, परंतु त्याचा मोठा वाटा ज्या बलाढ्य कंपनीच्या मंचावर चित्र लागते तिला मिळतो, आणि ती कंपनी उद्या नियम बदलील तर चित्र कोणाच्या दृष्टीसही पडणार नाही. शिवाय एकट्या माणसास संकटकाळी कोण? 'सॅनिटरी पॅनल्स' काढणाऱ्या रचिता तनेजा यांस चित्रांवरून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची अवमानाची नोटीस आली. त्यांची मते पटोत वा न पटोत, अशा प्रसंगी वृत्तपत्राच्या चित्रकारामागे निदान संपादक आणि वकील असतो. स्वतंत्र चित्रकारामागे वाचक नसेल तर कोणीही नाही.

आणि चित्र चांगले असेल तर पैसे देऊ, असे म्हणणाऱ्यांस आम्ही रिच बर्ल्यू यांचे उदाहरण सांगतो. त्यांच्या 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' या मालिकेतील माणसे अक्षरशः काड्यांची आहेत. 2012 मध्ये जुने भाग पुन्हा छापण्यासाठी त्यांनी 57,750 डॉलर मागितले. सुमारे 15 हजार वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले. ही सारी मालिका महाजालावर फुकट वाचावयास मिळत होती, हे विशेष! आपल्याच राज्यात नागपूरचे रोहन चक्रवर्ती हे शिक्षणाने दंतवैद्य. परंतु 2010 पासून 'ग्रीन ह्यूमर' या वन्यजीवनावरील मालिकेने त्यांनी मोठे नाव मिळविले. ती इंग्रजीत आहे. मराठीत असे दहाजण का उभे राहू नयेत? 1991 पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' येऊ लागला, तेव्हा घरोघर पहिली उडी त्या चौकटींवर पडत असे. ती पिढी आज कर्ती झाली आहे, मिळवती झाली आहे. चौकट तेव्हा वृत्तपत्राच्या किमतीतच येत असे, एवढाच काय तो फरक.

प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस वर्गणी म्हणजे काय हे शिकवावयास नको. एक हजार घरांनी महिन्यास 50 रुपये द्यावयाचे ठरविले तर 50 हजार रुपये होतात आणि एक मराठी चित्रकार नोकरीची रात्रपाळी सोडून रेघेस वाहून घेऊ शकतो. मनिऑर्डरचा फॉर्म भरावयाचा नाही, टपालकचेरीत जावयाचे नाही; भाजीवाल्याकडे जो फोन पुढे करता तोच पुढे करावयाचा. ज्यांस हेही जड वाटते त्यांनी निदान सही कातरू नये, कातरलेली दिसल्यास पुढे धाडू नये आणि मुलांच्या वाढदिवसास चित्रकाराने स्वतः छापलेले एखादे पुस्तक द्यावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही गेल्या महिन्यापासून वर्गणी पाठवू लागलो आहोत. पहिल्या खेपेस त्याने ती परत केली. 'सर, तुमच्याकडून कसे घेऊ?' आम्ही उत्तरी लिहिले की, कॉलेजात तू फी भरीत होतास तेव्हा आम्ही असा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या खेपेस त्याने ठेवून घेतली. लातूरच्या काकांकडून अद्याप काही आलेले नाही. मात्र परवा त्यांनी त्याला जे चित्र पाठविले, त्यात सही शाबूत होती.