वीकएण्ड गॅरेज : धूर, टाकी आणि दोन चाकं

ह्यूस्टनच्या मावसभावाने फोटो पाठवला आणि आमच्या ग्रुपचं डोकंच फिरलं. फोटोत भलीमोठी लोखंडी टाकी, तिच्या एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी, आणि हे सगळं लटांबर चक्क दोन चाकांच्या ट्रेलरवर! गाडीला जोडायचं, मैदानात न्यायचं आणि दिवसभर धुरावर मांस शिजवत गप्पा ठोकायच्या. तिकडे ह्यूस्टनला १९७४ पासून याची मोठी स्पर्धा भरते. म्हटलं, आपल्याकडे अख्खं शिवाजी उद्यमनगर आहे. कोल्हापूरकराने लोखंडाला घाबरायचं?

स्मोकर बनवणं सोपं निघालं. दोन फूट व्यासाचा, चार फूट लांब, सहा एमएम जाडीचा पाइप. जाळ पेटीत, मटण टाकीत. दोघांची थेट गाठ पडू द्यायची नाही, फक्त धूर आणि ऊब आडवी जाऊन चिमणीतून बाहेर. आत ११०-१२० डिग्री धरली की मटणाची रान पाच-सहा तासांत सुटते. दोनशे लिटरच्या ड्रममध्येही जमतं, पण त्याचा पत्रा पातळ, ऊब टिकत नाही. ड्रम घेतलात तर आधी त्यात काय होतं ते विचारा, केमिकलचा असेल तर हात लावू नका. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको, तापला की जस्ताचा विषारी धूर येतो. आणि जुना गॅस सिलिंडर कापायची आयडिया कुणी दिली तर त्या मित्राला पार्टीला बोलावू नका.

खरी गंमत पुढे. टाकी भरली सव्वाशे किलोच्या वर. जाळाची पेटी पन्नास-साठ. दार, जाळ्या, चिमणी, लाकडं आणि ट्रेलरचा सांगाडा धरून सगळं मिळून चारशे! जाळाची पेटी मागच्या टोकाला घेतली, म्हणजे आच ओढणाऱ्या गाडीपासून लांब. इथवर डोकं ठिकाणावर होतं. मग मी कागदावर ट्रेलर काढला आणि अॅक्सल टाकला बरोब्बर मधोमध. का? तर दिसायला छान दिसतं म्हणून.

माझा प्लॅन तो माझ्याच कारमागे लावून न्यायचा होता. वर्कशॉपवाल्याने एकच प्रश्न विचारला, "पासिंगचं काय?" मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलंय. त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. घरी जोडलेला सांगाडा हायवेला काढायची सोय नाही. गपचूप छोटा हत्ती ठरवला. चेनपुलीने ट्रेलरसकट धूड वर चढवलं आणि निघालो जोतिबाकडे.

मामांचं शेत केर्लीच्या पुढे, जोतिबाच्या डोंगराच्या पोटाशी. शेवटचा तुकडा कच्चा आणि अंगावर येणारा चढ. तिथे ट्रेलर उतरवून मामांच्या ट्रॅक्टरला लावला. मागून मामांचा धाकटा नातू चालत होता, त्याला चिमणीवर हात ठेवायचा होता. मी त्याला पाणी आणायला पिटाळलं. तहान लागली होती म्हणून, दुसरं काही सुचलं होतं म्हणून नव्हे. चढाला लागताच पुढचा दांडा वर उचलला, खिळ उडाली आणि चारशे किलोचा लोखंडी गोळा मागे सुटला. दहा-बारा फुटांवर बांधाला अडकून थांबला. पोरगं तांब्या घेऊन वळत होतं. कुणीच काही बोललं नाही.

मामा उतरले, चाकाखाली दगड सरकवला आणि मग म्हणाले, "गाडी उलाळ झालीया की रं! मागं एवढं वज्जं घालतंय का कोण?"

उलाळ. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं तर धुरजड, मग बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरवाले गोरे लोक याच गोष्टीचा हिशोब लावतात : एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्याच्या टोकावर हवा. कमी पडला तर चढाला दांडा उचलतो आणि सपाटीवर वेग घेतला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हे मामांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मी इंजिनीअर आहे.

घरचा वजनकाटा विटांवर ठेवून दांड्याचं टोक त्यावर टेकवलं. हुकाच्याच उंचीला, बरं का, नाहीतर आकडा चुकतो. आला पाच किलो! हवे होते चाळीस ते साठ. ट्रेलर परत उद्यमनगरात. अॅक्सल आठ इंच मागे सरकवला, काटा पंचेचाळीसवर आला. खिळीला लॉक बसवलं आणि दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या बांधल्या. म्हणजे हूक सुटला तरी ट्रेलर सुटत नाही. चाकं आधी स्कूटरची होती, ती काढून जुन्या कारचे हब आणि बारा इंची चाकं घेतली. खाली पाटे टाकले. ब्रेक मात्र नाही, म्हणून माझा नियम असा : शेताबाहेर जायचं तर छोट्या हत्तीच्या पाठीवर, आणि ओढताना जाळ विझलेलाच.

एवढं झाल्यावर मी ऐटीत रविवार जाहीर केला. मामींनी वरच्या वर उडवून लावला. रविवार जोतिबाचा! त्या दिवशी या घरात मटण नाही, आणि डोंगरावर देवाला नैवेद्य पुरणपोळीचा. शनिवार मामांचा मारुतीचा, शुक्रवार अंबाबाईचा. राहता राहिला बुधवार. सहा जणांनी सुट्ट्या टाकल्या, एकाची तर आजी तिसऱ्यांदा आजारी पडली.

बुधवारी पहाटे पाचला बाभळीचा जाळ केला. रानेला कांदा-लसूण चटणी आदल्या रात्रीच चोळून ठेवली होती. दार उघडायचा मोह अकरापर्यंत आवरला, तेवढंच काय ते पुण्य. पण त्याआधी, ट्रॅक्टर चढाला लागायच्या आधी, मामांनी खिशातून पुडी काढली, दांड्याला चिमूटभर गुलाल लावला आणि खिळीचं लॉक दोनदा ओढून पाहिलं.

"चांगभलं," ते म्हणाले. "आता हो बाजूला, आणि पोराला खांद्यावर घे."