बांधाला काडी लावायच्या आधी एक चक्कर मारा

मार्च लागला. हरभरा निघाला, ज्वारी काढायला आली, हळद शिजवायची गडबड चालू आहे. याच दिवसांत आपल्या धर्माबादच्या शिवारात संध्याकाळी बांध पेटलेले दिसतात.

मी पण पेटवायचो. मागच्या साली काडी लावली, दुसऱ्या दिवशी बघतो तर बांधाखाली टिटवीची चार अंडी काळी पडलेली. टिटवी तिथंच ओरडत फिरत होती. ती अंडी कुठं घालते त्यावरून आपण पावसाचा अंदाज बांधतो, आन् तिचंच घर आपण जाळतो. त्या दिवसापासून काडी बंद.

लोक पळस बघायला गाडी करून किनवटच्या जंगलात जातात. जावं, चांगलंच आहे. पण आपल्या गायरानावरचा, पांदीतला पळस कोण बघतो? सकाळी सहाला पांदीनं गोदावरीकडं चालत जा. पळसावर साळुंक्या, शिंजीर आन् मधमाशा, नुसता गोंधळ असतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ मार्चला बाभळी बंधाऱ्यातून ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाकडं जातं. पाणी उतरलं की काठाच्या चिखलात बगळे, शेराट्या चरताना दिसतात. याला तिकीट नाही.

काही जण म्हणतात, बांध जाळला की कीड मरते. थोडी मरत असंल. पण ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे आपले मित्रकीटक पण त्याच गवतात असतात, ते बी जळतात. मुळ्या जळाल्या की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बांधाची माती नाल्यात जाते. गाजरगवत, पेठारी यांच्यावर पिठ्या ढेकूण राहतो हे खरं आहे. ते फुलावर यायच्या आधी उपटा. चार तण उपटायसाठी सगळा बांध कशाला जाळायचा? हरभऱ्यात पक्षीथांबे लावा म्हणून सहायक कृषी अधिकारी सांगतात. पण बांधावर झाडच नसलं तर कोतवाल पक्षी यायचा कुठून?

कृषी खात्याच्या मंडळींना पण एक सांगणं आहे. फवारणीचं वेळापत्रक देता तसं बांध राखायचं पण सांगा. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावाची समिती आन् लोक जैवविविधता नोंदवही आहे. येत्या ग्रामसभेत ती नोंदवही मागा. गायरानावरचे पळस, मोह, बाभळी, ओढ्याकाठचे करंज तिच्यात आहेत का बघा. नसतील तर लिहून घ्या. ज्याची नोंद नाही ते झाड तोडताना कोणी विचारत नाही.

पळसाला पानं तीनच, कुठं बी जा. मग आपल्याच शिवारातला बघा की. लेकरांना, नातवांना सोबत न्या. मोबाईल खिशात ठेवा. आन् काडीपेटी घरीच राहू द्या.