मापात पाप

जुम्म्याच्या बयानात सूरह मुतफ्फिफीनचा विषय निघाला की आपण सगळे माना डोलावतो. माप मारणाऱ्यांना दिलेला तो इशारा. ऐकताना डोळ्यांसमोर येतो वाण्याचा तराजू, नाहीतर दूधवाल्याचं माप. व्हील अलाइनमेंटचं मशीन कुणाला आठवत नाही.

मला आठवलं, कारण माझी गाडी डावीकडे ओढत होती. करमाळ्यात एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली. पोराने टायरची हवा पाहिली नाही, जॅक लावून चाक हलवून पाहिलं नाही. टायरॉडचे नट ढिले केले, टो जुळवला, स्टिअरिंग सरळ केलं आणि कागद हातात दिला. कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर लाल होता. विचारलं तर म्हणाला, "चाचा, तेवढं चालतंय."

गाडी पुन्हा डावीकडेच ओढत राहिली. दुसऱ्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं, तर लोअर आर्म वाकलेला. चाकाचा माथा बाहेर झुकला होता आणि टायर बाहेरच्या काठाने झिजत चालला होता.

यात गूढ काही नाही. चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती वळली आहेत, तो टो. समोरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती झुकलंय, तो कॅम्बर. स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला मदत करतो तो कॅस्टर. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत सहज फिरवता येतो तो फक्त टो. बाकी दोन चुकले तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि ते शोधावंच लागतं. टोही किरकोळ नाही. चाक 0.1 अंशाने तिरकं असेल तर दर 100 किलोमीटरला सुमारे 175 मीटर आडवं घासतं. मग नवा टायर का खपला म्हणून आपण खड्ड्यांना शिव्या देतो.

खड्डे आहेतच. रस्ते करणाऱ्यांनीही मापच मारलंय. पण त्यांचं पाप आपलं पाप धुऊन काढत नाही.

"गरीब मिस्त्री आहे, सांभाळून घ्या," असं आपलेच लोक म्हणतात. मला ही दया मान्य नाही. आपल्या पोरांच्या हातात हुनर आहे म्हणून आपण छाती फुगवतो, मग त्या हुनराचा हिशेबही द्यायला हवा. गळीत हंगामात टेंभुर्णी रस्त्यावर रात्री समोर अचानक उसाची बिनदिव्याची ट्रॉली येते. करकचून ब्रेक लागतो तेव्हा गाडी सरळ थांबते की एका अंगाला जाते, हे त्या कागदावरच्या लाल आकड्यावरही ठरतं. गाडीत बायको-पोरं असतात. ती त्या मिस्त्रीकडे दिलेली अमानत आहे.

आणि गिऱ्हाईक तरी कुठं पाक आहे? "लवकर आटप, थोडं कमी कर" म्हणणारे आपणच. खालचा बुश बदला म्हटलं की "हा लुटतोय" म्हणणारेही आपणच.

म्हणून गॅरेजवाल्या भावांनो, पार्ट वाकला असेल तर छातीठोक सांगा: "आधी हे बदला, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे मी घेणार नाही." एखादं गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. आणि गाडीवाल्यांनो, कामाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा. लाल आकडा दिसला तर पैसे देण्याआधी विचारा, हा लाल का? "चालतंय" हे त्याचं उत्तर नव्हे.